मेहमानाला हुलगे?

गेल्या महिन्यात माझ्यावर एक आरोप झाला. घरी आलेल्या मोठ्या नणंदेला मी हुलगे आणि शिळी भाकरी खाऊ घातली, असा. आरोप खरा आहे. त्याचा खुलासा सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर करायला हवा होता, पण तिथे चार ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही, म्हणून इथे करते. आणि खुलासा करता करता उलट आरोपही करणार आहे.

रविवार होता, महिन्याची अखेर होती आणि पगार नेहमीप्रमाणे लांबला होता. बाजार आणलेला नव्हता. मी सकाळी फ्रिज पुसायला काढला होता. त्यात सापडलं ते असं: अर्धा दुधी, कापलेल्या तोंडाशी सुकलेला. तीन लुळी पडलेली गाजरं. वाटीभर आंबट दही. कोथिंबिरीची जुडी, जिची पानं वापरून नुसत्या काड्या उरल्या होत्या. रात्रीचा दोन वाट्या भात. फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या तीन भाकरी. मग हात लागलाच आहे तर कपाटही काढलं. तिथे मागच्या बाजूला काळी पडलेली चिंच, सुंठीचा तुकडा, वास बदललेले शेंगदाणे, ह्यांची शुगर निघाली तेव्हा मोठ्या उत्साहाने आणलेलं आणि तारीख उलटून गेलेलं ओट्सचं पाकीट, आणि स्टीलच्या डब्यात अर्धा किलो हुलगे. हे हुलगे अम्मीने दिवाळीच्या सुट्टीत बांधून दिले होते. माहेर मंगळवेढ्याकडचं, तिथे हुलगे कुणी विकत आणत नाही. मी पाच महिने डबा उघडला नव्हता.

बारा वाजता आपांचा फोन आला. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला सोलापुरात आल्या होत्या, तासाभरात घरी पोहोचणार होत्या. ह्यांनी लगेच गाडीची किल्ली उचलली. "चौकातून बिर्याणी घेऊन येतो, किलोभर." मी म्हटलं, नको. बाहेर चाळीस अंश ऊन आहे, आपांना बीपी आहे, तुम्हाला शुगर आहे आणि खिशात काय आहे ते दोघांनाही ठाऊक आहे. जे घरात आहे ते करते.

डब्याच्या तळाशी थोडं पीठ पडलं होतं, म्हणजे कीड लागायला सुरुवात झाली होती. हुलगे चाळले, निवडले, पाण्यात टाकले, वर तरंगले ते फेकले. भिजवायला वेळ नव्हता म्हणून निथळून कढईत कोरडे भाजले, खमंग वास सुटेपर्यंत. मग चौपट पाणी घालून कुकरला सात शिट्ट्या. वरचं तांबूस पाणी गाळून घेतलं, त्यात मूठभर शिजलेले हुलगे वाटून घातले, चिंचेचा कोळ, कोथिंबिरीच्या काड्या आणि सुंठ एकत्र वाटून, आणि वरून एक चमचा तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या. हा कुल्थी का कट. मराठीत याला कढण म्हणतात. उरलेल्या हुलग्यांवर कांदा आणि लिंबू. दुधीचा सुका भाग काढला, एक तुकडा चाखून पाहिला. कडू दुधी विषारी असू शकतो, तो कितीही ताजा असला तरी फेकायचा. कडू नव्हता. किसून वाफवला आणि आंबट दह्यात कालवला, वरून भाजलेलं जिरं. गाजरं किसून भातात, जिऱ्याच्या फोडणीवर, वाफ येईपर्यंत गरम केली. भाकरी मंद तव्यावर दाबून दाबून पापडासारख्या कडक केल्या. सगळं मिळून पाऊण तास लागला आणि पाच माणसांना दोन-अडीच चमचे तेल.

शेंगदाणे आणि ओट्स मात्र फेकले, आणि त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. खवट, बुरसट शेंगदाण्यात बुरशीचं विष असतं, ते भाजून जात नाही.

आपा आल्या. दस्तरख्वान अंथरलं. त्यांनी कटाच्या वाटीकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं आणि विचारलं, "दुल्हन, तबियत ठीक नहीं क्या तुम्हारी?" मी म्हटलं, "ठीक है आपा, घर में यहीच था." त्या जेवल्या. कट दोनदा घेतला, हे मी मुद्दाम नोंदवते. पण संध्याकाळपर्यंत बातमी बार्शी, पंढरपूर, पुणे अशी फिरली होती: छोट्या दुल्हनने लग्नाचं बोलवणं घेऊन आलेल्या नणंदेसमोर बासी रोटी ठेवली.

आता माझं म्हणणं.

आपण ‘शिळं’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक, खराब झालेलं. दुसरी, काल केलेलं. पहिलं फेकायचंच. दिवसभर ओट्यावर राहिलेला भात मी कुणालाही देणार नाही, कारण तो पुन्हा उकळला तरी त्यातलं विष जात नाही. रात्री जेवण झाल्यावर लगेच झाकून फ्रिजमध्ये गेलेला भात ही वेगळी गोष्ट आहे. बुरशी आलेल्या ब्रेडचा ‘चांगला’ भाग काढून खाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तीच माणसं कालच्या भाकरीला नाक मुरडतात. म्हणजे प्रश्न आरोग्याचा नाही. आणि सोलापुरात तरी तो असूच शकत नाही. आमच्या गावाची कडक भाकरी पाकिटात भरून पुण्या-मुंबईला जाते, लोक ती शेंगाचटणीबरोबर भेट म्हणून नेतात. आपांनी स्वतः नेली आहे. पाकिटातली कडक भाकरी तोहफा, आणि माझ्या तव्यावरची बासी रोटी?

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. ‘शिळ्या कढीला ऊत’ हा वाक्प्रचार आला की मुलं हसतात. एकदा वर्गात विचारलं, घरी कढी उरली तर काय करता? बहुतेकांनी सांगितलं, फेकतो. आणि ही काही बंगल्यातली मुलं नव्हेत. हातमागावर आयुष्य गेलेल्यांची, रिक्षावाल्यांची, विड्या वळणाऱ्या बायांची नातवंडं आहेत. त्यांच्या आज्यांनी कढीचा थेंब टाकला नसता. दोन पिढ्यांत आपण काय कमावलं, तर फेकण्याची ऐपत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात अंदाज दिला आहे की भारतातल्या घरांतून दर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं. यात साली, देठं, हाडंही धरली आहेत हे खरं. तरी आपल्या घरचा आकडा प्रत्येकाने मनात काढून पाहावा. रमझानच्या इफ्तारनंतर दस्तरख्वानावर उरलेली भजी आणि कापून काळी पडलेली फळं त्यात धरावीत. इसराफ या विषयावर जुम्याच्या बयानात मान हलवणारे आपण, घरी येऊन काय करतो?

याचं मूळ मला शरमेत दिसतं. आठवड्यातले पाच दिवस आपल्या घरांत डाळ, भात, भाकरी, अंबाडीची भाजी, खिचडी-खट्टा, दालचा असंच शिजतं. पण कुणी विचारलं तर आपण ते सांगत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेला मराठी आणि उर्दू शाळांचे शिक्षक एकत्र बसतात, डबे उघडतात. एकदा माझ्या डब्यात हुलग्याचं पिठलं होतं. शेजारच्या शाळेतल्या बाई मनापासून चकित झाल्या. "अहो, तुमच्यात पिठलं करतात?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी अर्धं पिठलं संपवलंही. मला राग आला तो माझ्याच सहकाऱ्याचा. तो हसून म्हणाला, "मॅडम आज उपासाला आहेत, एरवी आमच्याकडे बिर्याणीच असते." एरवी त्याच्याकडे काय असतं ते मला माहीत आहे. त्याची बायको माझ्याबरोबर बीएडला होती.

बाहेरच्यांनी आपल्यावर बिर्याणीचं लेबल चिकटवलं, ही तक्रार आपण फार करतो. ते लेबल आपणही रोज थुंकी लावून पक्कं करतो. ईदला सगळ्या स्टाफला शीरखुर्मा आणि बिर्याणी नेतो, फार चांगलं. पण कट, खट्टा, तिळाची चटणी, मलिदा कधी नेतो का? ज्या जमिनीवर आपण पिढ्यानपिढ्या राहिलो, त्याच जमिनीतली ज्वारी, हुलगा, करडईचं तेल आपल्या अंगात आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शाळेत घोषवाक्यं लिहून घेण्याचं काम माझ्याकडेच आलं होतं. आमच्या मुलींनी सुरेख फलक केले. पण ‘तुमच्या घरी काय करतात?’ हा रकाना बऱ्याच जणींनी कोरा ठेवला. त्यांच्या घरी भाकरी होते. त्यांना ती लिहायची लाज वाटली.

ही शरम कुठवर जाते, ते मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. अब्बांना वीस वर्षं मधुमेह होता. शेवटच्या दोन वर्षांत उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. जेवण जाईना. एकच गोष्ट मागायचे, कुल्थी का कट आणि त्यात बुडवलेली कडक भाकरी. भाभी मनाने फार चांगली, अब्बांची सेवा तिने केली तशी मी केली नसती. पण कट करायला ती तयार नसायची. "लोगां मिलने कू आते. अब्बा कू कुल्थी पिलारे बोलेंगे." म्हणून यखनी व्हायची, मटण व्हायचं, भेटायला येणारे बिर्याणीचे डबे आणायचे, आणि अब्बा दोन घास चिवडून ताट सरकवायचे. मी सुट्टीत गेले की कट करून द्यायचे. स्वयंपाकघरातच, दार लोटून. एका म्हाताऱ्या आजारी माणसाला त्याच्याच घरात त्याचं आवडतं, त्याला सोसणारं जेवण चोरून द्यावं लागायचं, कारण लोक काय म्हणतील. आता माझ्या घरात ह्यांची तीन महिन्यांची साखर ८.९ निघाली आहे, वय ४८. आयसीएमआरची २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. मला ते १० कोटी दिसत नाहीत. मला अब्बांचा पाय दिसतो.

यावर दीनदार मंडळी मला गप्प करायला येतील, मेहमाननवाजी ही सुन्नत आहे म्हणून. तर सुन्नतबद्दलच बोलू. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे, बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पैगंबरांनी (स.) घरात भाकरीबरोबर सालन काय आहे असं विचारलं. सिरक्याखेरीज काहीच नाही, असं उत्तर आलं. त्यांनी तोच मागवला आणि त्याची तारीफ करत खाल्ला. सोबत मेहमान म्हणून हजरत जाबिर होते. कुणी चौकात धावलं नाही. ही सुन्नत आपल्या बयानात का येत नाही? उलट मोहल्ल्यातल्या दुकानात ‘तलबिना’ची पाकिटं आली आहेत, जवाच्या पिठाची, वर खजुराचं चित्र. लोक ती सवाब समजून महाग विकत घेतात. तलबिना म्हणजे पातळ, हलकी पेज, आजाऱ्याला आणि दुखवट्यातल्या माणसाला आराम देणारी. आपल्या आज्या ज्वारीच्या पिठाची आंबील करायच्या, तीही याच कुळातली. पण आंबील म्हटलं की गरिबी, आणि तलबिना म्हटलं की तकवा.

फ्रीजरचाही विषय काढते, शिव्या मिळणारच आहेत तर पूर्ण मिळू देत. बकरी ईदच्या गोश्ताचे तीन हिस्से, एक घराचा, एक नात्याचा, एक गरिबांचा, ही आपल्याकडची पसंत केलेली रीत. फर्ज नाही, साठवायला मनाई नाही, हे मलाही माहीत आहे. पण डीप फ्रीजर आल्यापासून पहिला हिस्सा कसा फुगत गेला, ते ज्याच्या त्याच्या घरात दिसतं. रबिउल अव्वल उजाडला तरी पिशव्या निघत असतात, चिठ्ठी नसलेल्या, बर्फाने पांढऱ्या पडलेल्या. आणि त्यांच्या खाली-वर भाजी सडते, कारण गोश्त असताना भाजी कोण खाणार. माझ्याही घरी गेल्या वर्षी एक पिशवी फेकावी लागली. कुर्बानीचं गोश्त कचऱ्यात टाकताना हात कापले. त्या दिवशी मला कुणीही काही विचारलं नाही. हुलगे वाढले तर सगळा खानदान विचारतोय.

एक गोष्ट साफ सांगते, कारण हा लेख कुणी आपल्या सोयीने कापून फिरवेल. मी मांसाहाराविरुद्ध लिहीत नाही. मी गोश्त खाते, खाणार, आणि माझ्या डब्यात काय आहे हे तपासण्याचा हक्क कुणालाही देत नाही. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाचं मांस बंद झालं तेव्हा कितीतरी मजूर घरांच्या ताटातलं सर्वांत स्वस्त प्रथिन गेलं. त्याचं दुःख मंचावर फारसं कुणी बोललं नाही. त्या घरांना मी हुलग्यांचा उपदेश करणार नाही. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, ही माहिती मी त्यांच्या ताटातलं काढून घेणाऱ्यांच्या सोयीसाठी देत नाही. ज्यांच्या घरी फ्रिज आहे, फ्रीजर आहे आणि शुगरचं मशीनही आहे, त्या माझ्यासारख्यांना ती देते. बाहेरच्यांनी आपल्या ताटावर बोट ठेवलं म्हणून आपण आपल्या ताटाकडे पाहायचंच नाही, हे मला मान्य नाही. काही भाई म्हणतात, ही वेळ नाही असं लिहायची. मधुमेह वेळ पाहून येत नाही.

आणि राहिला प्रश्न बायकांचा. ताजं सालन, ताजी रोटी, दोन्ही वेळा, आणि मेहमान आला की तिसऱ्यांदा. हा ताजेपणाचा हट्ट धरणारे स्वतः चूल पेटवत नाहीत. मी सकाळी सातची शाळा करते, दुपारी ऑनलाइन माहिती भरते, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सरकारचं प्रत्येक काम शिक्षकाच्या डोक्यावर असतं. त्यात फ्रिजमध्ये काय उरलं आहे याचा हिशेब ठेवून, त्यातून पाच माणसांचं हलकं जेवण उभं करणं ही अक्कल आहे. अम्मीची ती अक्कल आम्ही ‘मजबुरी’ म्हणून हिणवली. तिने मला पाककृती अशी कधी शिकवलीच नाही. तिने शिकवलं ते हे की आधी सगळे डबे उघडून पाहायचे आणि मग काय करायचं ते ठरवायचं. आज आम्ही आधी मोबाइलवर रेसिपी पाहतो, मग तिच्यासाठी आठ वस्तू आणतो, त्यातल्या पाच अर्ध्या वापरून कपाटात मागे ढकलतो. माझं ओट्सचं पाकीट तसंच आलं होतं, म्हणजे मी कुणी धुतल्या तांदळाची नाही.

ह्यांचंही सांगते. त्या दिवशी ते गप्प बसून जेवले, माझी बाजू घेतली नाही, आपांची पण नाही. रात्री मात्र विचारलं, कट उरलाय का. उरला नव्हता.

आपांच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. इतकं होऊनही खाण्याची यादी करायला मलाच बोलावलं, शिक्षकाचं अक्षर चांगलं असतं म्हणून. यादीत बिर्याणी आहे, दोन प्रकारचं सालन, तळलेलं चिकन, तीन गोड पदार्थ आणि आइस्क्रीम, सातशे माणसांसाठी. मी तळाशी माझ्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या: कुल्थी का कट एक डेग, कडक भाकरी. आणि वाढपी ताटात वाढेल तेवढंच, टेबलावर परातीत मांडायचं नाही. यादी आपांच्या मोठ्या मुलाकडे गेली आहे. त्याने फोन करून विचारलं, "मामी, ये आपने मजाक में लिखे ना?"

मी नाही म्हटलं. केटरर ठरायचा आहे.